खोट्या झरोक्यावर रुसलेल्यांची स्तुती

१४ जानेवारी २०१९ रोजी डेट्रॉइटच्या मोटर शोमध्ये टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी नवी सुप्रा जगापुढे आणली. ज्यांनी या गाडीची सतरा वर्षं वाट पाहिली होती, त्यांनी त्याच दिवशी तिच्यात खोडी काढायला सुरुवात केली. गाडी त्यांनी चालवली नव्हती. बहुतेकांनी ती जवळून पाहिलीही नव्हती. पण दारावर जो हवेचा झरोका दिसतो तो बुजलेला आहे, एवढं त्यांना फोटोवरून कळलं होतं आणि तेवढ्यानेच त्यांचा जीव कासावीस झाला होता. जिचा हप्ता आपल्याला कधीच भरायचा नाही, अशा गाडीच्या दारावरच्या प्लास्टिकपायी झोप घालवणं हा मूर्खपणा आहे. मला या मूर्खपणाची स्तुती करायची आहे आणि ती मनापासून करायची आहे.

शहाणा माणूस गाडी घेताना काय पाहतो ते सर्वांना ठाऊक आहे. तो ॲव्हरेज विचारतो, सर्व्हिसिंगला किती जातात ते विचारतो, पाच वर्षांनी विकली तर किती येतील ते विचारतो. रंग पांढरा घेतो, कारण पांढरी गाडी लवकर विकली जाते. घर चालवणाऱ्याला असंच वागावं लागतं आणि त्यात गैर काही नाही. पण छपरावरून मागच्या चाकाकडे उतरणारी रेघ नेमकी कुठे मोडते, हे पाहायला त्याला सवड नसते. कारखानदाराला हे पक्कं माहीत असतं. जे गिऱ्हाईक बघतच नाही, त्याच्यासाठी रेघ नीट कोण कशाला ओढील? समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितली आणि पढतमूर्खांची वेगळी सांगितली. सुप्रावर रुसलेला माणूस या दुसऱ्या जातीचा. इंजिनाचा बोअर आणि स्ट्रोक त्याला पाठ असतो, गाडी कंपनीच्या ताळेबंदावर चालते हेही त्याला कळतं, आणि तरी टेललॅम्पच्या एका कोपऱ्यावरून तो जिवलग मित्राशी अबोला धरतो. जगात शहाण्यांची टंचाई नाही. अशांची आहे.

त्याचा राग समजून घ्यायचा तर त्याचं प्रेम कशावर होतं ते आधी पाहायला हवं. १९७८ साली सुप्रा आली तेव्हा ती स्वतंत्र गाडी नव्हती. सेलिकाचं नाक लांबवून त्यात एका ओळीतल्या सहा सिलिंडरांचं इंजिन बसवलं होतं आणि जपानात तिला सेलिका एक्सएक्स म्हणत. १९८६ मध्ये ती सेलिकापासून वेगळी झाली. १९९३ मध्ये चौथी पिढी आली, कारखान्याच्या भाषेत ए८०, आणि खरं वेड लावलं ते हिने. तिच्यात टू-जेझेड घराण्यातलं तीन लिटरचं, दोन टर्बोंचं इंजिन होतं. जपानी कंपन्यांनी ताकदीची २८० पीएस ही मर्यादा आपसांत ठरवून घेतली होती, म्हणून जपानात कागदावर ते तेवढंच दाखवलं जाई. ओतीव लोखंडाचा ब्लॉक मात्र एवढा भक्कम होता की पुढे जगभरच्या गॅरेजांनी त्यातून दुप्पट-तिप्पट ताकद काढली.

पण मला त्या गाडीतली एक निराळीच गोष्ट भावते. वजन घटवायचं म्हणून तिच्या इंजिनीअरांनी बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं, पेट्रोलची टाकी प्लास्टिकची केली, आणि एवढं करूनही समाधान होईना तेव्हा ते पायाखालच्या गालिच्याकडे वळले. गालिच्याचे धागे त्यांनी आतून पोकळ असलेले वापरले. पायाखालचा धागा पोकळ की भरीव, हे कुठल्याच गिऱ्हाइकाला उभ्या जन्मात समजणार नव्हतं. जाहिरातीत ते दिसणार नव्हतं, त्यासाठी कुणी चार पैसे जास्त देणार नव्हतं. तरी त्यांनी ते केलं. सुप्राच्या चाहत्यांना मूर्ख म्हणायचं तर या इंजिनीअरांना त्यांचे पूर्वज म्हणायला हवं. त्या गाडीत जे पोकळ होतं ते कामासाठी पोकळ होतं. पुढचं सगळं भांडण समजायला एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलं तरी पुरे.

ए८० धंद्यात फार चालली नाही. खप घसरला म्हणून अमेरिकेत १९९८ मध्ये तिची विक्री थांबली, जपानात २००२ मध्ये. मधल्या काळात, २००१ साली, ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या चित्रपटात पॉल वॉकरने नारिंगी सुप्रा चालवली. शोरूममधून गेलेली गाडी पडद्यावर आणि ग्रॅन तुरिस्मोसारख्या खेळांत जगत राहिली. ज्या पोरांनी ती रस्त्यावर कधी पाहिली नव्हती, अशांची एक सबंध पिढी तिच्या नादी लागली. त्यांत योकोहामाची मुलं होती, टेक्सासची होती, आणि कोल्हापूर-नाशकाकडचीही होती, ज्यांच्या दारात स्कूटर उभी असे. २०२१ मध्ये त्या चित्रपटातली एक नारिंगी सुप्रा अमेरिकेतल्या लिलावात साडेपाच लाख डॉलर्सना गेली. नवी गाडी काढताना टोयोटाला एवढं ओझं पेलायचं होतं.

त्यात कंपनीने आपणहून भर घातली. जानेवारी २०१४ मध्ये, डेट्रॉइटच्याच शोमध्ये, तिने एफटी-१ नावाची कॉन्सेप्ट गाडी मांडली. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथल्या कॅल्टी या टोयोटाच्या स्टुडिओत ती घडली होती. फॉर्म्युला वनच्या गाडीची आठवण देणारं टोकदार नाक, लांबच लांब बॉनेट, पार मागे सरकलेली बैठक, वर उचलली जाणारी विंग. ती ग्रॅन तुरिस्मो खेळातही लगोलग आली, म्हणजे ज्याला हवी त्याला ती घरबसल्या हाकताही आली. चाहत्यांनी तिला पाहिलं आणि हीच सुप्रा असं मनाशी ठरवून टाकलं. कंपनीने तसं वचन दिलं नव्हतं. न दिलेलं वचन पाळलं गेलं नाही म्हणून रागावायला फार मोठं मन लागतं आणि ते या लोकांकडे होतं.

पाच वर्षांनी आलेली सुप्रा त्याच वळणाची होती, चेहरामोहरा ओळखू येत होता, पण ती आखूड होती. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४७० मिलिमीटर. जुन्या ए८० चं ते २५५० होतं. टोयोटाच्याच ८६ या छोट्या, स्वस्त स्पोर्ट्‌स कारचं २५७०. म्हणजे थोरली धाकटीपेक्षा १०० मिलिमीटरने आखूड भरली. मुख्य इंजिनीअर तेत्सुया तादा यांच्याकडे याचं कारण तयार होतं आणि ते पोकळ नव्हतं. गाडी वळणावर चटकन वळावी यासाठी चाकांमधली लांबी आणि डाव्या-उजव्या चाकांमधली रुंदी यांचं प्रमाण त्यांना १.५५ च्या आसपास हवं होतं. ते त्यांनी धरून ठेवलं आणि बाकीचा आकार त्यावर बेतला. डिझायनर नोबुओ नाकामुरा यांच्या चमूने कामाला ‘कंडेन्स्ड एक्स्ट्रीम’ असं सूत्र दिलं होतं: आखूड लांबी, रुंद पवित्रा, मोठं इंजिन.

इंजिनीअरांचं म्हणणं खरं होतं आणि रुसलेल्यांचंही खरं होतं. एफटी-१ च्या अंगावर ज्या वळणांना पसरायला ऐसपैस जागा होती, तीच वळणं इथे एकमेकींना खेटून उभी राहिली. माझं मत विचाराल तर मागची बाजू सुंदर आहे. मागच्या चाकांवरचा तो भरदार फुगवटा आणि छपराचे दोन उंचवटे नजर खिळवून ठेवतात. ते छप्पर १९६७ च्या टोयोटा २०००जीटीचा वारसा आहे आणि तो आदराने जपला आहे. पुढची बाजू मात्र लग्नात सगळे दागिने एकदम अंगावर घातल्यासारखी आहे. हेडलॅम्प, त्याखालच्या फटी, मधलं नाक, बाजूच्या जाळ्या, प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर चांगली घडवलेली आहे, पण डोळ्याला टेकायला सपाट जागा कुठे मिळत नाही.

आता झरोके. ते पुढच्या बंपरच्या कडांना आहेत, बॉनेटवर दोन्ही बाजूंना आहेत, दारांवर आहेत, मागच्या बंपरच्या टोकांना आहेत. पुढच्या मधल्या जाळ्यांतून हवा खरोखर आत जाते, रेडिएटरला लागते. बाकीच्यांपैकी बरेच बुजलेले. काळं प्लास्टिक, झरोक्याचा आकार, आत काही नाही. यावर तादा यांनी सांगितलं की ज्यांना गाडी ट्रॅकवर न्यायची आहे, ताकद वाढवायची आहे, त्यांच्यासाठी ही सोय आधीच करून ठेवली आहे, हवं तेव्हा उघडून घ्या. बॉनेटच्या बाबतीत ते पटण्यासारखं होतं, तिथली झाकणं काढता येतात. दाराच्या बाबतीत पटेना. दारावरच्या त्या जागेमागे दाराचाच बंद पत्रा आहे. तिथून हवा न्यायची तर दारच कापायला हवं, आणि कापून ती न्यायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

यावर जो गदारोळ झाला तो शहाण्यांना हास्यास्पद वाटला. दारावर एक काळी पट्टी असली काय, नसली काय! कुणाला इजा होत नाही, पेट्रोल जास्त जात नाही, आणि दिसायला ती बरीच दिसते. हे सगळं बरोबर आहे. पण वेगाने धावणाऱ्या गाडीच्या अंगावरची भोकं कशासाठी असतात ते जरा पाहू. बॉनेटवरचा झरोका रेडिएटरमधून तापून आलेली हवा वर सोडतो. ती खाली कोंडली तर गाडीचं नाक उचललं जाऊ पाहतं. पुढच्या चाकाच्या खोबणीत फिरत्या चाकामुळे हवेचा दाब साठतो, चाकामागची फट तो बाहेर काढते आणि चाक रस्त्याला धरून राहतं. इंजिन माणसाच्या पाठीमागे असेल तर बरगडीतल्या भोकातून त्याला श्वास मिळतो. बंपरच्या कडेची नळी थेट ब्रेकच्या थाळीवर वारा घालते. ज्याला हे ठाऊक आहे तो गाडीभोवती एक फेरी मारतो आणि ती न उघडता तिच्या पोटात काय आहे ते सांगतो. इंजिन पुढे की मागे, टर्बो आहे की नाही, ब्रेक किती तापणार, हे तो पत्र्यावरून वाचतो.

अशा माणसाला बुजलेला झरोका दाखवला की त्याला राग का येतो ते आता उघड आहे. तो गाडीचं बोलणं खरं मानून बसलेला असतो. सगळ्या गिऱ्हाइकांत तोच एक असा असतो की गाडीचा आकार काहीतरी सांगतो यावर त्याचा विश्वास आहे. बाकीचे आकाराकडे शोभा म्हणून पाहतात, आवडली तर घेतात, नाही तर शेजारच्या शोरूममध्ये जातात. शोभा खोटी असली तरी ती शोभाच असते, म्हणून त्यांची फसवणूक होऊच शकत नाही. फसवला जातो तो विश्वास ठेवणारा. डिझायनर रात्र-रात्र बसून मातीच्या मॉडेलवर एक मिलिमीटर खरवडतो तेव्हा तो कुणासाठी खरवडतो? ॲव्हरेज विचारणाऱ्यासाठी नक्कीच नाही. ज्याला तो मिलिमीटर दिसेल आणि चुकला तर जो आरडाओरडा करील, त्या मूर्खासाठी. त्या मूर्खाने तोंड बंद ठेवायचं ठरवलं तर मातीवर कष्ट घ्यायचं कारणच उरत नाही.

आणि हे लोक नुसतं बोलून थांबले नाहीत. हातात गाडी आल्यावर कित्येकांनी बॉनेटवरची झाकणं काढली, आरपार हवा जाईल असे भाग बसवले, सुटे भाग करणाऱ्यांनी ते विकायला आणले. ज्या खोटेपणावर तक्रार होती तो त्यांनी आपल्या हातांनी, आपल्या पैशांनी खरा करून घेतला. वॉरंटीची पर्वा न करता नव्याकोऱ्या गाडीवर हत्यार चालवणाऱ्याला व्यवहार कळत नाही असं म्हणणं सोपं आहे. मला त्याच्यात पोकळ धाग्याचा गालिचा घालणाऱ्या इंजिनीअराचा वारस दिसतो.

बीएमडब्ल्यूचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे भरपूर आहेत. ही सुप्रा आणि बीएमडब्ल्यूची झेड४ एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत, दोन्ही ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात माग्ना श्टायरच्या कारखान्यात बनल्या, आणि सुप्राचं तीन लिटरचं इंजिन बीएमडब्ल्यूचंच. चाहत्यांनी बॉनेट उघडून, कार्पेट उचलून कुठल्या भागावर जर्मन कंपनीचं चिन्ह आहे ते शोधलं. पण बाहेरच्या अंगाची झडती घेतली तेव्हा सामाईक पत्रा सापडला नाही. झेड४ उघड्या छपराची, सुप्रा बंद छपराची, आणि वरचं सगळं अंग प्रत्येकीचं आपलं. रागावलेल्या माणसाने स्वतः शोध घ्यावा आणि पुरावा विरुद्ध पक्षाच्या हाती द्यावा, हे क्वचित घडतं. इथे घडलं.

या मंडळींवर नेहमीचा आक्षेप असा की बोलणारे गाडी घेत नाहीत आणि घेणारे बोलत नाहीत. हा आक्षेप मला त्यांच्या बाजूचाच वाटतो. ज्याला घ्यायची आहे त्याच्या मतात त्याचे पैसे मिसळलेले असतात. हप्ता सुरू झाला की गाडी सुंदर वाटू लागते, वाटावीच लागते. ज्याला ती कधी मिळणार नाही त्याला तिच्याकडून काहीच नको असतं, फक्त ती देखणी असावी एवढंच त्याचं मागणं असतं. डोंगराचं शिखर कुणी विकत घेत नाही, तरी तिथे मोबाइलचा मनोरा उभा राहिला की खालच्या गावातला माणूस हळहळतो, आणि त्याला तू डोंगराचा मालक आहेस का असं कुणी विचारत नाही. अर्थात मालकांतही मोठमोठे मूर्ख आहेत, त्यांना विसरून चालणार नाही. अमेरिकेत या गाडीची सुरुवातीची किंमत ४९,९९० डॉलर्स होती. जानेवारी २०१९ मध्येच ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलच्या लिलावात कारखान्यातली पहिली सुप्रा २१ लाख डॉलर्सना गेली. पैसे धर्मादाय कामाला गेले, हे तर चांगलंच. पण एका गाडीसाठी बेचाळीस गाड्यांचे पैसे मोजायला हात धजला तो केवळ ‘पहिली’ या एका गोष्टीसाठी.

एक गोष्ट मात्र स्तुतीतून वगळतो. डिझायनरला नावानिशी शिव्या घालणं, त्याने राजीनामा द्यावा म्हणून ओरडणं, हे मूर्खपणात मोडत नाही, तो असभ्यपणा आहे. खऱ्या वेड्याचं भांडण पत्र्याशी असतं.

अशा भांडणाचं निसानच्या झेड या नव्या स्पोर्ट्‌स कारचं उदाहरण सुप्राहूनही बोलकं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये झेड प्रोटो दाखवली गेली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्कला पक्की गाडी आली. पहिल्या, १९६९ च्या फेअरलेडी झेडची आठवण तिच्या अंगाअंगावर आहे: लांब बॉनेट, मागे उतरत गेलेलं छप्पर, खिडकीमागचं झेडचं चिन्ह. हेडलॅम्पमधल्या प्रकाशाच्या दोन कमानी २४०झेडजी या जुन्या आवृत्तीच्या दिव्यांवरच्या घुमटाकार काचेवरून आल्या. मागचे दिवे १९८९ च्या ३००झेडएक्सचे. चाहत्यांनी हे सगळं एका नजरेत ओळखलं, मागच्या दिव्यांवर तर ते खूश होते. आणि मग त्यांचं लक्ष नाकाखालच्या मोठ्या आयताकृती तोंडाकडे गेलं. ते तोंड त्यांना सहन होईना.

निसानचं म्हणणं असं की मूळ गाडीलाही आयताकृतीच तोंड होतं. होतं, पण मूळ गाडीच्या तोंडावरून क्रोमचा बंपर आडवा जात होता. त्या चकचकीत पट्टीने तोंडाचे दोन भाग पडत आणि गाडीला ओठ येत. आज तसा बंपर लावता येत नाही, म्हणून तो काढला. तोंडाचा आकार मात्र राहिला, आणि उरलं एक मोठं भोक. हा दोष इतका नेमका हेरायला वर्षानुवर्षं एका गाडीचे फोटो पाहत बसावं लागतं. चाहत्यांनी संगणकावर त्या भोकावरून गाडीच्याच रंगाची एक आडवी पट्टी ओढून चित्रं केली आणि जिकडे तिकडे पाठवली. फुकटचं काम, कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे दिलेले नाहीत. जानेवारी २०२२ च्या टोकियो ऑटो सलॉनमध्ये खुद्द निसानने एक नारिंगी झेड मांडली, तिच्या तोंडावर मधोमध रंगीत पट्टी होती. २०२३ मध्ये आलेल्या निस्मो आवृत्तीचं नाकही दुभागलेलं आलं. यातलं किती त्या चित्रांमुळे आणि किती कंपनीच्या आधीच्या बेतामुळे, याचा निवाडा मी करत नाही. ज्यांनी पट्टी ओढली त्यांची नजर बरोबर होती, हे मात्र गाडीकडे पाहून कुणीही सांगेल.

झेडच्या घराण्यात असला हट्ट जुना आहे. अमेरिकेतली निसानची विक्री सांभाळणारे युताका कातायामा, ज्यांना सगळे मिस्टर के म्हणत, त्यांना फेअरलेडी हे नाव त्या गाडीला शोभत नाही असं वाटे. त्यांनी अमेरिकेत आलेल्या गाड्यांवरचं ते नाव उतरवलं आणि तिथे २४०झेड लावलं. नोकरी कंपनीची, नाव कंपनीच्या वरिष्ठांनी ठेवलेलं, आणि हा गृहस्थ गाडीवरची अक्षरं काढतो! शहाण्या अधिकाऱ्याने एक टिपण लिहून वर पाठवलं असतं आणि उत्तराची वाट पाहिली असती.

आणि सुप्राच्या बाबतीत तर सगळ्यांत मोठा वेडा कंपनीच्या शिखरावरच बसलेला होता. अकिओ टोयोडा यांनी गाडी हाकण्याचं खरं शिक्षण हिरोमु नारुसे या टोयोटाच्या ज्येष्ठ टेस्ट ड्रायव्हरकडे घेतलं. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या ट्रॅकवर ते जुन्या सुप्रात सराव करत आणि इतर कंपन्यांच्या, अजून बाजारात न आलेल्या, झाकलेल्या नव्या गाड्या त्यांना मागे टाकून जात. जगातल्या एका अत्यंत मोठ्या गाडी कंपनीच्या घराण्यातला माणूस, आणि तिथे नेण्याजोगी नवी गाडी कंपनीकडे नाही, उत्पादन बंद पडलेली जुनीच न्यावी लागते. ही बोच त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखवली. २०१० मध्ये नारुसे त्याच भागात रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी डेट्रॉइटच्या मंचावर जो माणूस सुप्रा घेऊन उभा होता तो नफ्यातोट्याचं गणित मांडून आलेला नव्हता. अशा गाड्यांत टोयोटाला पैसा मिळत नाही. म्हणून तर सांगाडा आणि इंजिन दुसऱ्या कंपनीबरोबर वाटून घ्यावं लागलं. रुसलेले आणि रुसवा झेलणारे एकाच वेडातले होते, त्यामुळे त्यांचं भांडण एवढं पेटलं. ज्याला काहीच पडलेली नाही त्याच्याशी भांडायला मजा नसते.

वेड्यांचा हट्ट पुढे थोडाफार फळालाही आला. २०१९ ची सुप्रा फक्त ऑटोमॅटिक होती. मॅन्युअल गिअर हवेत म्हणून सारखा धोशा लागला होता, आणि एप्रिल २०२२ मध्ये टोयोटाने सहा गिअरची मॅन्युअल सुप्रा जाहीर केली. जुन्या ए८० ची ओळख असलेली उंच मागची विंग नव्या गाडीवर नव्हती, तिथे शेपटासारखी एक वळलेली कड होती. २०२३ मध्ये सुप्राच्या पंचेचाळीस वर्षांनिमित्त जी खास आवृत्ती आली तिच्यावर मोठी विंग होती आणि रंग होता नारिंगी. दारावरचे झरोके मात्र शेवटपर्यंत बुजलेलेच राहिले. त्यावरचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असं मला वाटतं.

दरम्यान दुसरं भांडण उभं राहिलं आहे. सुप्रा ज्या वर्षी जन्मली त्याच १९७८ मध्ये होंडाची प्रेल्यूड जन्मली होती. ती २००१ मध्ये बंद पडली, २०२३ च्या टोकियोच्या मोबिलिटी शोमध्ये पुन्हा दिसली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जपानात विक्रीला आली. दोन लिटरचं हायब्रिड, मॅन्युअल नाही, किंमत ६१ लाख येनच्या पुढे. आणि पहिल्या फोटोपासून एकच तक्रार चालू आहे: ही समोरून टोयोटाच्या प्रियससारखी दिसते. या वेळी मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. दिव्यांचा कोन आणि काचेचा ढाळ प्रियसच्या जवळ जातो, हे खरं. पण ग्लायडर विमान डोळ्यांपुढे ठेवून होंडाने बाजूची रेघ जी पुढून मागे एका दमात ओढली आहे, दारांच्या मुठी अंगात जिरवल्या आहेत आणि चाकांवरचे फुगवटे जेमतेम उचलले आहेत, ते संयमाचं काम आहे. मुख्य म्हणजे दारावर खोटा झरोका नाही. सुप्रावर पाच-सहा वर्षं भांडलेल्यांनी एवढं तरी मान्य करायला हवं. ते करणार नाहीत. त्यांनी आता मागच्या दिव्यांच्या आडव्या पट्टीवरून सुरुवात केली आहे, आणि ती पट्टी जरा जाड झाली आहे हे मलाही नाकारता येत नाही.